बुडापेस्टची सहल आणि शरीराचे घड्याळ

तीन दिवसांसाठी बुडापेस्टला निघालेले कुटुंब स्थळांची यादी आवर्जून करते. सोबतच्या आजी-आजोबांच्या झोपेचा विचार मात्र तीत क्वचितच असतो. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तेथे रात्रीचे ९ वाजतात, तेव्हा आपल्या शरीराच्या लेखी मध्यरात्र उलटलेली असते; पहाटे मात्र लवकर जाग येते. हे ध्यानी घेऊनच दिवस आखावा.

सकाळच्या उत्साहात बुडाच्या टेकडीवरील राजवाडा पाहावा. चढ टाळून १६ क्रमांकाच्या बसने गेल्यास गुडघ्यांना त्रास होत नाही. १८९७ सालच्या मध्यवर्ती मंडईतील पाप्रिकाची खरेदी अखेरच्या दिवशी ठेवावी, म्हणजे ओझे वागवावे लागणार नाही.

१९१३ साली खुल्या झालेल्या सेचेन्यी स्नानगृहातील उष्ण कुंडांचा मोह कोणास होणार नाही? परंतु रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषधांच्या बदलत्या वेळाही तेव्हाच विचारून घ्याव्यात. कुंडात थोडाच वेळ बसावे, सावकाश उठावे, भरपूर पाणी प्यावे. मद्यपान करून तर उतरूच नये. भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो.

रात्रीची शोभा दुसऱ्या दिवशी, दुपारची झोप घेऊन पाहावी. २ क्रमांकाच्या ट्राममधून डॅन्यूबकाठचे दिवे बसल्या जागी दिसतात. तरुणांनी पुढे सातव्या विभागातील जुन्या वाड्यांमधल्या मद्यालयांकडे खुशाल वळावे; वडीलधाऱ्यांना मात्र आधी निवासस्थानी पोहोचवावे.