पंचगंगेचा पूर व पूर्वतयारीचा अवधी

येऊ घातलेल्या वादळाची चाहूल किनाऱ्यावर वारा व लाटा देतात; सह्याद्रीच्या पूर्वेकडील हातकणंगले तालुक्यात अतिवृष्टीचे संकट नदीच्या पातळीवरून ओळखावे लागते. कोल्हापूरनजीक राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ साली पाणी ५५ फुटांवर गेले. पुढे नृसिंहवाडीस कृष्णा तुडुंब असल्यास पंचगंगेचे पाणी तुंबते. त्यामुळे पाऊस थांबला तरी पूर लवकर ओसरत नाही. यास्तव रुकडी, इचलकरंजी येथील काठच्या वस्त्यांना या दोन पातळ्यांमधील ४ फूट हाच तयारीचा अवधी होय. वृद्ध, आजारी, जनावरे व धान्य यांचे स्थलांतर इशारा पातळीसच व्हावे. विलंब झाल्यास रस्तेच पाण्याखाली जाण्याचा संभव असतो.