हंगामापूर्वीचे मूल्यमापन : अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल आणि त्याचे चाहते

अमेरिकेत ऑक्टोबर महिना सुरू झाला की विद्यापीठांच्या आवारात एका विषयाची चर्चा अखंड चालू असते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात महाविद्यालयीन बास्केटबॉलचा हंगाम सुरू व्हायचा असतो. आपल्या संघातून यंदा कोण बाहेर पडले, कोण नवे आले, कोणाच्या खांद्यावर भार द्यावा आणि कोणाला अजून एक वर्ष थांबवावे, याचा हिशेब आजी-माजी विद्यार्थी, प्राध्यापक आणि गावातील सामान्य माणसेही मांडत असतात. आपल्याकडे क्रिकेटचा संघ जाहीर झाल्यावर घरोघरी जे घडते, त्याचाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे ज्यांची पारख होते ते खेळाडू बहुधा अठरा ते बावीस-तेवीस वर्षांचे विद्यार्थी असतात.

या खेळात कॅथोलिक शिक्षणसंस्थांचे स्थान मोठे आहे. ऑगस्टिनियन संघाचे व्हिलानोवा, येशूसंघाची जॉर्जटाऊन, मार्केट, गोन्झागा व शिकागोतील लोयोला ही विद्यापीठे आणि नेवार्क महाधर्मप्रांताचे सीटन हॉल ही नावे तेथील क्रीडारसिकांना तोंडपाठ आहेत. पोप लिओ चौदावे हे १९७७ साली व्हिलानोवातूनच गणित विषयाचे पदवीधर झाले. म्हणून हंगामापूर्वीचे हे मूल्यमापन कसे केले जाते, त्यात काय हाती लागते आणि काय निसटते, हे समजून घेणे आपल्यालाही उपयोगाचे ठरेल.

खेळाची थोडी ओळख

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे झाला. वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयातील शिक्षक जेम्स नाइस्मिथ यांनी हिवाळ्यात विद्यार्थ्यांना बंदिस्त जागेत खेळता यावे म्हणून पीच फळांच्या दोन टोपल्या उंचावर टांगल्या आणि नवा खेळ सुरू केला. आज प्रत्येक संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात. चेंडू पुढे नेणारे व खेळाची आखणी करणारे गार्ड, दोन्ही बाजू सांभाळणारे फॉरवर्ड आणि बास्केटजवळ उभा राहणारा उंचपुरा सेंटर, अशी त्यांची स्थूल विभागणी असते. पुरुषांचा महाविद्यालयीन सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन सत्रांत खेळला जातो. हंगामाच्या शेवटी, मार्च महिन्यात, ६८ संघांची बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा होते. एक पराभव झाला की वाट संपते.

चाहते काय मोजतात?

जाणकार चाहता सर्वप्रथम पाहतो तो अनुभव. गेल्या हंगामात संघातील सर्व खेळाडूंनी मिळून जितकी मिनिटे खेळली, त्यांपैकी किती मिनिटे खेळलेले खेळाडू परत आले आहेत? हा वाटा मोठा असेल तर संघ एकमेकांना ओळखतो, असे गृहीत धरले जाते.

दुसरी बाब म्हणजे शाळेतून नव्याने आलेले खेळाडू. शालेय खेळाडूंची पाहणी करणाऱ्या खासगी संस्था त्यांना एक ते पाच तारे देतात. पाच तारे मिळालेला मुलगा आला की चाहत्यांच्या अपेक्षा आभाळाला भिडतात.

तिसरी बाब अलीकडे सर्वांत महत्त्वाची झाली आहे. ती म्हणजे दुसऱ्या विद्यापीठातून बदलून आलेले खेळाडू. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्याला बहुधा एक वर्ष सामन्यांपासून दूर बसावे लागे. २०२१ मध्ये एकदा बदल करण्याची मोकळीक मिळाली आणि २०२४ मध्ये अभ्यासाच्या अटी पूर्ण करणाऱ्यांसाठी ही संख्येची मर्यादाही गेली. परिणामी कित्येक संघ दरवर्षी जवळजवळ नव्याने उभे राहतात आणि अनुभवाचा जुना हिशेब चालेनासा होतो.

चौथी बाब म्हणजे जुळणी. चेंडू हाती ठेवू इच्छिणारे तीन खेळाडू एकाच संघात असतील तर तिघांचेही गुण वाया जाऊ शकतात. उलट, स्वतः फारसे गुण न मिळवता प्रतिपक्षाच्या उत्तम खेळाडूला रोखून धरणारा एखादा गार्ड संघाला सावरतो, पण आकड्यांच्या तक्त्यात तो चटकन दिसत नाही.

आकड्यांची मर्यादा

आकडे खोटे बोलत नाहीत, असे आपण म्हणतो. परंतु थोड्या आकड्यांवरून मोठा निष्कर्ष काढला तर ते दिशाभूल करतात. समजा, एका खेळाडूने गेल्या वर्षी तीन गुणांच्या रेषेबाहेरून पन्नास वेळा चेंडू फेकला आणि वीस वेळा बास्केट झाले. म्हणजे चाळीस टक्के. हे प्रमाण उत्तम मानले जाते. त्यांतील चार चेंडू कड्यावर आपटून बाहेर पडले असते तर प्रमाण बत्तीस टक्क्यांवर आले असते, आणि हाच मुलगा सामान्य ठरला असता. दुबळ्या संघात एका सामन्यात सरासरी अठरा गुण मिळवणारा खेळाडू बलाढ्य संघात आठच गुण मिळवील, असेही घडते. कारण तेथे चेंडू त्याच्या हाती तितका वेळ राहत नाही.

याचे ठळक उदाहरण नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे आहे. २०२२ मध्ये हा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात कॅन्सासकडून ६९ विरुद्ध ७२ असा थोडक्यात हरला. त्या संघातील पाच प्रमुख खेळाडूंपैकी चार पुढील हंगामासाठी परत आले. अनुभव, उंची, गुणवत्ता, सारे जागच्या जागी होते. असोसिएटेड प्रेसच्या हंगामपूर्व क्रमवारीत त्यांना पहिला क्रमांक मिळाला. प्रत्यक्षात २०२३ च्या मार्चमध्ये त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशच मिळाला नाही. १९८५ मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाल्यापासून हंगामपूर्व अव्वल संघावर असा प्रसंग पहिल्यांदाच आला. कागदावरचे खेळाडू तेच होते. मैदानावर मात्र तोच संघ उभा राहिला नाही.

लोयोलाची गोष्ट

याच्या नेमके उलटे घडले ते शिकागोच्या लोयोला विद्यापीठात. या विद्यापीठाने १९६३ मध्ये सिनसिनाटीला जादा वेळेत ६० विरुद्ध ५८ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. वर्णभेदाच्या त्या काळात त्यांच्या पहिल्या पाचांतील चार खेळाडू कृष्णवर्णीय होते, ही गोष्ट अमेरिकेच्या सामाजिक इतिहासातही नोंदली गेली. परंतु १९८५ नंतर तीन दशकांहून अधिक काळ लोयोलाला राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडले नव्हते.

२०१७ च्या शरद ऋतूत त्यांच्या संघाकडे पाहिले असते तर काय दिसले असते? क्लेटन कस्टर हा गार्ड आयोवा स्टेट विद्यापीठात फारशी संधी न मिळाल्याने बदलून आलेला. बेन रिचर्डसन हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र आणि शाळेतील संघसोबती. मार्क्वेस टाउन्स दुसऱ्या एका लहान विद्यापीठातून आलेला. आँद्रे जॅक्सन दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयातून आलेला. कॅमरन क्रुटविग हा सेंटर तर नुकताच शाळेतून बाहेर पडलेला. राष्ट्रीय पातळीवरील पहिल्या पंचवीस संघांत लोयोलाचे नाव नव्हते.

डिसेंबरमध्ये या संघाने देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या फ्लोरिडाला त्यांच्याच मैदानावर ६५-५९ असे हरवले, तेव्हा लोकांनी भुवया उंचावल्या. मार्च २०१८ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना आपल्या विभागात अकरावे मानांकन मिळाले. त्यांनी मायामीला ६४-६२, टेनेसीला ६३-६२ आणि नेवाडाला ६९-६८ असे नमवले. तीन सामने मिळून फरक केवळ चार गुणांचा! पहिल्या सामन्यात डोंटे इन्ग्रमने, दुसऱ्यात कस्टरने आणि तिसऱ्यात टाउन्सने अखेरच्या क्षणांत निर्णायक बास्केट केले. चौथ्या सामन्यात कॅन्सास स्टेटविरुद्ध रिचर्डसनने २३ गुण मिळवले आणि संघ ७८-६२ असा जिंकून उपांत्य फेरीत पोहोचला. तेथे मिशिगनने त्यांना ६९-५७ असे थांबवले.

चार विजय आणि चार वेगळे नायक. हंगामापूर्वी कोणीही एका खेळाडूकडे बोट दाखवून ‘हाच संघाला तारील’ असे म्हटले असते तर ते चौथा हिस्साच खरे ठरले असते. या मुलांचा एकमेकांवर असलेला विश्वास मोजणारे परिमाण कोणत्याही तक्त्यात नव्हते.

सिस्टर जीन यांची पद्धत

त्या दिवसांत संघाइतक्याच प्रसिद्ध झाल्या त्या संघाच्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टर जीन डोलोरेस श्मिट. धन्य कुमारी मरियेच्या दयाभगिनींच्या या धर्मभगिनीचा जन्म २१ ऑगस्ट १९१९ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. १९९४ पासून त्या लोयोलाच्या पुरुष संघाबरोबर होत्या. २०१८ मध्ये त्यांचे वय ९८ वर्षांचे होते आणि चाकाच्या खुर्चीतून त्या सामन्यांना उपस्थित राहत. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी, वयाच्या १०६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सिस्टर जीन केवळ आशीर्वाद देऊन थांबत नसत. प्रतिस्पर्धी संघातील कोणता खेळाडू धोकादायक आहे, कोणाला मोकळे सोडू नये, याचा त्या अभ्यास करीत आणि सामन्यापूर्वीच्या प्रार्थनेतही त्याचा उल्लेख येई. सामन्यानंतर त्या खेळाडूंना ईमेल पाठवीत. कोणाचे काय चांगले झाले आणि कोठे सुधारणा हवी, हे त्यात लिहिलेले असे. २०१८ च्या स्पर्धेत त्यांनी स्वतः केलेल्या भाकितात लोयोला तिसऱ्या फेरीत बाद होईल असे धरले होते. आपल्या मुलांवर अपार माया असूनही त्यांनी हिशेब डोळसपणे केला होता. मुलांनी तो चुकीचा ठरवला, याचा आनंद सर्वांत अधिक त्यांनाच झाला असेल.

त्यांच्या पद्धतीत चाहत्यांनी शिकावे असे बरेच आहे. त्या उणिवा लपवीत नसत. परंतु ती उणीव त्या मुलालाच, त्याच्या भल्यासाठी, त्याला ओळखणाऱ्या व्यक्तीकडून कळत असे. सुरुवातीला खेळाडूंच्या अभ्यासाकडे लक्ष देण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. त्यामुळे गुणफलकाच्या पलीकडचा विद्यार्थी त्यांना ठाऊक असे.

शब्दांचे ओझे

ही ओळख नसली म्हणजे काय होते? १६ मार्च २०१८ रोजी व्हर्जिनिया विद्यापीठाचा अग्रमानांकित संघ सोळाव्या मानांकनाच्या मेरीलँड-बाल्टिमोर काउंटी विद्यापीठाकडून ५४-७४ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असे यापूर्वी कधी झाले नव्हते. त्या संघातील गार्ड काइल गाय याने पुढे आपल्याला जडलेल्या चिंताविकाराविषयी मोकळेपणाने लिहिले. पुढील हंगामापूर्वी या संघाचे मूल्यमापन करताना प्रत्येकाच्या ओठी तो एकच पराभव होता. तरीही तेच खेळाडू पुन्हा उभे राहिले. २०१९ च्या उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध ०.६ सेकंद उरले असता संघ दोन गुणांनी मागे होता आणि काइल गायला तीन फ्री थ्रो मिळाले. त्याने तिन्ही साधले आणि व्हर्जिनिया ६३-६२ असे जिंकले. अंतिम सामन्यात टेक्सास टेकला हरवून त्यांनी विजेतेपदही मिळवले. आदल्या वर्षीच्या एका रात्रीवरून ज्यांनी या मुलांवर कायमचा शिक्का मारला होता, त्यांचे मूल्यमापन कोठे राहिले?

आज हा प्रश्न अधिक गंभीर झाला आहे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळवता येऊ लागले आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट मोबदला देऊ शकतात. खेळाडूंच्या श्रमांचे मोल व्हावे, हे न्याय्यच आहे. परंतु ‘एवढे पैसे घेतो, मग खेळत का नाही?’ अशी भाषाही त्याबरोबर आली. दुसरीकडे, मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने राज्यांना क्रीडा सट्टेबाजी कायदेशीर करण्याची मुभा मिळाली. आता एखादा विद्यार्थी किती गुण मिळवील यावरही पैसे लावले जातात आणि ते बुडाले की लोक त्या मुलाला शिव्याशाप, प्रसंगी धमक्याही पाठवतात. मार्च २०२४ मध्ये महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी अशा वैयक्तिक कामगिरीवरील सट्ट्यावर बंदी घालण्याचे आवाहन राज्यांना केले. काही राज्यांनी ती घातलीही आहे.

मग चाहत्यांनी पारख करूच नये काय? तसे नाही. खेळावर प्रेम करणारा माणूस तुलना करणारच, आणि त्यात निर्मळ आनंद आहे. मात्र तीन गोष्टींचे भान हवे. थोड्या आकड्यांवरून कायमचा निवाडा देऊ नये. एकेका खेळाडूपेक्षा पाचांची जुळणी पाहावी. आणि ज्याच्याविषयी आपण बोलतो तो एकोणीस-वीस वर्षांचा, अजून घडत असलेला तरुण आहे, आणि आपले शब्द त्याच्या कानांवर पडतात, हे विसरू नये.

ऑक्टोबरमधील अंदाज मार्चमध्ये चुकतात, म्हणूनच तर लोक सामने पाहायला जातात. अंदाज चुकल्यास मुलांवर चिडण्यापेक्षा, त्यांनी आपल्याला चकित केले याचे समाधान मानणारा चाहता कोणत्याही संघाचे भूषण होय.