विश्लेषण : दीर्घिकांची ओढाताण नशिराबादहून कशी टिपणार?

सप्तर्षीच्या शेपटीच्या टोकाला मरीची तारा आहे. त्याच्याजवळ दोन दीर्घिका एकमेकींना ओढत आहेत. मेच्या पहिल्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास त्या नशिराबादच्या उत्तर आकाशात ६४ अंशांपर्यंत उंच येतात. तरीही त्यांचे चांगले छायाचित्र गच्चीवरून मिळणे कठीण. दूरस्थ दुर्बिणीने ते कसे साधते?

या दीर्घिका कोणत्या?

मोठी सर्पिल दीर्घिका म्हणजे ‘एम ५१’, तर तिची सोबतीण ‘एनजीसी ५१९५’. शार्ल मेसिए यांना मोठी दीर्घिका १७७३ मध्ये दिसली. १८४५ मध्ये लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडमधील दुर्बिणीतून तिचा भोवऱ्यासारखा आकार पाहिला. अशा जोड्यांमधील लांब शेपट्या आणि पूल गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने तयार होतात, हे अलार व युरी तूमरे या बंधूंनी १९७२ मध्ये संगणकावर दाखवले. या ओढाताणीत तारे सहसा एकमेकांवर आदळत नाहीत. वायू मात्र दाबला जाऊन नवे तारे जन्मतात.

गच्चीवरून अडचण काय?

ओढाताणीचा खरा पुरावा असलेल्या शेपट्या अतिशय अंधुक असतात. नशिराबादच्या एका बाजूला जळगाव, दुसऱ्या बाजूला भुसावळ आणि गावालगत राष्ट्रीय महामार्ग. दिव्यांच्या उजेडाने आकाश उजळते. कॅमेऱ्याचे शटर जास्त वेळ उघडे ठेवले, तर दीर्घिकेबरोबर हा उजेडही साठत जातो.

दूरस्थ दुर्बीण कशी चालते?

लडाखमधील हानले येथे साडेचार हजार मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची ‘हिमालयन चंद्रा’ दुर्बीण आहे. शास्त्रज्ञ ती बंगळूरुजवळच्या होसकोटेहून चालवतात. तिथेच मुंबई आयआयटी आणि भारतीय ताराभौतिकी संस्थेची ‘ग्रोथ-इंडिया’ ही स्वयंचलित दुर्बीणही आहे. या दोन्ही संशोधनासाठी आहेत. हौशी निरीक्षकांना परदेशातील दुर्बिणी तासाच्या भाड्याने मिळतात.

निवड करताना काय पाहावे?

दुर्बीण उत्तर गोलार्धातली हवी. चिलीत ३० अक्षांशावरून एम ५१ जेमतेम १३ अंश वर येते. स्पेनमधून ती जवळजवळ डोक्यावर दिसते. मे महिन्यात तिथे मध्यरात्र असते, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. रात्र चंद्राच्या उजेडाची नको.

छायाचित्र कसे बनते?

विषुवांश १३ तास ३० मिनिटे आणि क्रांती उत्तर ४७ अंश १२ कला, एवढी माहिती दिली की दुर्बीण आपोआप वळते. पाच मिनिटांची एक, अशी ३६ छायाचित्रे घेऊन एकत्र केली, की एकट्या छायाचित्राच्या तुलनेत खरखर साधारण सहा पटींनी कमी होते. लाल, हिरवे, निळे फिल्टर वापरून रंग मिळतात.

उपयोग काय?

एम ५१ मध्ये १९९४, २००५ आणि २०११ मध्ये ताऱ्यांचे स्फोट दिसले. नवा ठिपका ओळखायला जुने छायाचित्र हाताशी लागते. मात्र भाड्याची दुर्बीण आपले आकाश परत आणत नाही. त्यासाठी गावातल्या दिव्यांना वरून झाकण लावून उजेड फक्त खाली पाडावा लागेल.