सवय लागते तरी कशी?

उद्या सकाळी शाळेचा सदरा घालताना एक गंमत पाहा. कोणता हात आधी बाहीत जातो? आत्ता विचारले तर चटकन सांगता येणार नाही, पण रोज बहुधा तोच हात आधी जातो. परवा मुद्दाम दुसऱ्या हातापासून सुरुवात करा. क्षणभर गोंधळल्यासारखे होईल. एखादे काम पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने केले की मेंदूच्या आतल्या भागात त्याचा जणू साचाच तयार होतो. मग ते काम विचार न करता होऊ लागते. यालाच आपण सवय म्हणतो.

सदऱ्याचे झाले. पण पालेभाजी खाणे, चालणे, धावणे यांचाही असा साचा बनवता येईल का? येईल! मात्र आपली सुरुवातच बहुधा चुकते. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आपण ठरवतो : रोज पहाटे पाचला उठून तासभर धावायचे, तळलेले बंद, गोड बंद. चार दिवस उत्साह टिकतो, पाचव्या दिवशी पाय दुखतात आणि आठवड्यात सारे बारगळते. मग घरातले म्हणतात, "निश्चयच कच्चा!" पण दोष निश्चयाचा की पद्धतीचा?

फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे एक प्रयोग केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९६ जण होते. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकच नवी गोष्ट निवडायची होती आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडायची होती. उदाहरणार्थ, दुपारच्या जेवणाबरोबर एक फळ खाणे. असे १२ आठवडे चालले. ती गोष्ट किती आपोआप होते, याची नोंद प्रत्येकाने ठेवली.

या नोंदींचे आलेख काढले तेव्हा काय दिसले? रेषा आधी झपाट्याने वर चढते, मग तिचा चढ कमी होत जातो आणि शेवटी ती सपाट होते. ती सपाट झाली की सवय पक्की झाली. ज्यांचे आलेख नीट जमले, त्यांपैकी निम्म्यांना यासाठी ६६ दिवसांपर्यंत वेळ लागला. सर्वांत कमी १८ दिवस, तर सर्वांत जास्त २५४ दिवस. तुम्ही म्हणाल, प्रयोग तर ८४ दिवसांचाच होता, मग २५४ आले कुठून? आलेखाची रेषा गणिताने पुढे वाढवून तो अंदाज काढला आहे. 'एकवीस दिवसांत सवय लागते' असे पुष्कळदा ऐकू येते, पण तसा काही नियम नाही, हे यावरून कळते. साध्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणखी एक महत्त्वाची गोष्ट दिसली. मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडले नाही.

आपली जीभही अशीच हळूहळू बदलते. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही जणांचे जेवणातले मीठ कमी केले आणि ते काही महिने कमीच ठेवले. आधी जेवण अळणी लागे. पण पुढे त्यांना कमी मिठाचेच सूप अधिक आवडू लागले!

आता थोडे गणित करू. तुम्ही चहा किंवा दूध घेताना रोज एक चमचा साखर कमी घेतलीत, आणि चमच्यात ५ ग्रॅम साखर मावते असे धरले, तर वर्षात किती साखर वाचेल? ५ × ३६५ = १,८२५ ग्रॅम, म्हणजे पावणेदोन किलोंहून जास्त! आधी पाव चमचा कमी करा. जिभेला ते सवयीचे झाले की आणखी पाव.

कोणी विचारील, इतक्या लहानसहान गोष्टींनी शरीराला खरोखर फायदा होतो का? याचे उत्तर लंडनच्या दुमजली बसगाड्यांनी दिले. डॉ. जेरी मॉरिस यांनी तेथील बसचालक व वाहक यांच्या हृदयविकाराची पाहणी केली. ती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. चालक दिवसभर बसून असत. वाहक मात्र तिकिटे देण्यासाठी जिन्यावरून सारखे वर-खाली करत. कामाच्या दिवशी त्यांच्या सुमारे ५०० ते ७५० पायऱ्या होत. हृदयविकाराचे प्रमाण चालकांमध्ये दर हजारी वर्षाला २.७ होते, तर वाहकांमध्ये १.९.

पण मॉरिस यांना शंका आली : लठ्ठ माणसेच चालक होत असतील तर? त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली. चालकांची कंबर खरोखरच मोठी निघाली! तरीही सारख्याच बांध्याच्या चालक-वाहकांची तुलना केली, तेव्हा हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण वाहकांमध्ये कमीच आढळले. हे वाहक काही तालमीत जात नव्हते. रोजच्या कामातल्या पायऱ्याच त्यांच्या उपयोगी पडल्या.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी श्वास जलद होईल अशी हालचाल करावी. हा तास एका दमात भरायला हवा असे नाही. शाळेपर्यंत भरभर चालणे, दोरीवरच्या उड्या, संध्याकाळची लंगडी किंवा खो-खो, सारे त्यात धरता येते.

आता तुमचा प्रयोग. एकच गोष्ट निवडा, अगदी सोपी. तिला रोजचा एक प्रसंग जोडा. 'मी जास्त व्यायाम करीन' असे नको. 'शाळेतून आल्यावर दप्तर ठेवले की दोरीवरच्या वीस उड्या' असे ठरवा. 'चांगले खाईन' असे नको. 'रात्री ताट वाढले की आधी दोन घास पालेभाजी' असे ठरवा. मात्र तुमचे वय वाढीचे आहे, म्हणून बारीक होण्यासाठी जेवण सोडू नका. पोळी-भाकरी, वरण, उसळ, दूध हे सारे तुम्हांला हवेच. दमा किंवा दुसरा काही आजार असेल, तर व्यायाम वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

वहीच्या पानावर ६६ चौकोन आखा आणि रोज एक खूण करा. दर रविवारी स्वतःला १० पैकी गुण द्या : ही गोष्ट किती आपोआप झाली? त्या गुणांचा आलेख काढा. एखादा चौकोन रिकामा राहिला तर पान फाडू नका. दुसऱ्या दिवशी पुढच्या चौकोनापासून पुन्हा सुरू करा. रेषा सपाट होऊ लागली की दुसरी गोष्ट निवडा.