भाडेकरू तुमचा हप्ता भरणार नाही

"एक खोली भाड्याने दिली की हप्ता आपोआप फिटतो." ऑफिसात डबा खाताना, लग्नाच्या पंगतीत, बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये, हे वाक्य हल्ली कुठेही ऐकू येतं. बोलणारा बहुधा तिशीतला असतो आणि बुकिंगची रक्कम भरायच्या बेतात असतो. पुरावा म्हणून तो मोबाइलवर रील दाखवतो. त्यात अमेरिकेतला कुणी तरुण दोन दारांच्या घरासमोर उभा राहून सांगतो, "मी फुकट राहतो." तिकडे या प्रकाराला हाऊस हॅकिंग म्हणतात.

रीलमधला माणूस खोटं बोलतोय असं नाही. तो ज्या पायावर उभा आहे, तो मात्र रीलमध्ये दिसत नाही. अमेरिकेत फेडरल हाऊसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही १९३४ पासूनची सरकारी संस्था गृहकर्जांना विमा देते. त्या विम्यामुळे चार बिऱ्हाडांपर्यंतचं घर घेणाऱ्याला, तो स्वतः त्यातल्या एका बिऱ्हाडात राहणार असेल आणि त्याचा क्रेडिट स्कोअर किमान ५८० असेल, तर किमतीच्या अवघ्या ३.५ टक्के रकमेवर कर्ज मिळू शकतं. ६० दिवसांत राहायला जायचं आणि निदान वर्षभर राहायचं, ही अट. विम्याचा खर्च अर्थात कर्जदाराच्याच माथी. व्याजदर ३० वर्षं एकच ठेवता येतो. शेजारच्या बिऱ्हाडाला स्वतंत्र दार, स्वतंत्र स्वयंपाकघर. घर तीन किंवा चार बिऱ्हाडांचं असेल, तर कर्ज देण्याआधी आणखी एक चाचणी होते. सगळ्या बिऱ्हाडांच्या अंदाजे भाड्यातून निदान चौथा हिस्सा रिकाम्या महिन्यांसाठी आणि इतर खर्चासाठी वजा करतात आणि उरलेल्या पैशांत घराचा महिन्याचा बोजा पेलतो का ते पाहतात. म्हणजे खुद्द तिथली यंत्रणासुद्धा पूर्ण भाडं हिशेबात धरत नाही. आपला तिशीतला मित्र मात्र बारा महिन्यांचं भाडं धरतो, तेही वाढीव दराने.

आता पुण्यात येऊ. ८० लाखांचा टू बीएचके धरा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते, म्हणजे ६४ लाख. उरलेले १६ लाख तुमचे. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ५ लाख ६० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. हा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. म्हणजे किल्ली हातात येण्याआधीच जवळपास २२ लाख गेले. फर्निचर, सोसायटीचा मेंटेनन्स वगैरे मी धरलेलंच नाही.

६४ लाखांवर साडेआठ टक्के दराने २० वर्षांचा हप्ता येतो साधारण ५५,५०० रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले सुमारे ४५,३०० नुसतं व्याज असतं. एका खोलीचे १२ हजार मिळाले असं समजू. या पैशांत हप्ता सोडाच, व्याजाचा चौथा हिस्सा कसाबसा निघतो. अख्खा फ्लॅट २५ हजारांना दिला आणि स्वतः आईवडिलांकडे राहायला गेलात, तरी अर्धा हप्तासुद्धा निघत नाही. कारण उघड आहे. २५ हजारांनी वर्षाचं भाडं येतं किमतीच्या पावणेचार टक्के, आणि कर्जाचं व्याज जातं साडेआठ टक्क्यांनी. एवढी साधी वजाबाकी करायला लोक तयार का नसतात, हे मला खरोखर कळत नाही. "पण किंमत वाढेल की!" हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. वाढेलही. पण वाढलेल्या किमतीतून पाच तारखेचा हप्ता कापला जात नाही.

शिवाय आपल्याकडची बहुतेक गृहकर्जं फ्लोटिंग दराची, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा रेपो दर हलला की त्यांचं व्याजही हलतं. रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. त्या काळात अनेकांचा हप्ता होता तेवढाच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबली. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की हप्ता वाढवायचा की मुदत, ही निवड कर्जदाराला द्या.

मग खोली देऊच नये का? जरूर द्यावी. पुण्याला हे काही नवीन नाही. सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची पोरं वर्षानुवर्षं कॉट बेसिसवर राहत आली आहेत. खोलीत तीन लोखंडी कॉट, प्रत्येकीखाली कुलूपबंद ट्रंक, खिडकीच्या गजांना वाळत घातलेले टॉवेल आणि दारामागे मालकीणबाईंच्या हातची सूचना: रात्री दहानंतर गेट बंद. कोल्हापूर-नाशिककडे खाली मालक आणि वर भाडेकरू ही तर घराची नेहमीची रचना. त्या घरमालकांना भाड्याचा आधार होता. मात्र त्यांतल्या बहुतेकांचं घर आधीच फिटलेलं होतं, हे कुणी सांगत नाही.

भाड्याचा खरा उपयोग वेगळा आहे. वरच्याच उदाहरणात हप्ता तुम्ही पगारातून भरलात आणि खोलीचे १२ हजार दरमहा मुद्दलात जादा भरत गेलात, तर २० वर्षांचं कर्ज तेरा वर्षं आणि एखाद-दोन महिन्यांत संपतं. खोली दरवर्षी दोन महिने रिकामी राहिली तरी चौदा वर्षांच्या आत. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच मनाई केली आहे. म्हणून भाडं शून्य धरून जेवढा हप्ता झेपतो, तेवढ्याचंच घर घ्यावं. भाडं येईल तेव्हा ते मुद्दलावर चढवावं.

दुसरा गैरसमज "हप्ता आपोआप फिटतो"च्या उलट टोकाचा. आईवडिलांच्या पिढीचा तो लाडका: "बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो." नाही होत. मुदतीच्या कायद्यातली बारा वर्षं मालकाचा हक्क झुगारून बळकावलेल्या ताब्याला लागू होतात. तुमच्या परवानगीने राहणाऱ्याला, करार करून भाडं देणाऱ्याला ती लागत नाहीत. तो भाडेकरू म्हणून राहत असताना तुमची मालकी नाकारूही शकत नाही. तरी ही भीती हवेतून आलेली नाही, हे मान्य करायला हवं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर, म्हणजे नुसत्या वापराच्या परवानगीवर, राहत असलेल्यांना कायद्यानेच संरक्षित भाडेकरूचा दर्जा मिळाला. ज्यांच्या खोल्या तेव्हा अडकल्या, त्यांच्या नातवंडांनाही ती गोष्ट पाठ आहे. पण आता लागू आहे तो १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, आणि लिव्ह अँड लायसन्सच्या बाबतीत तो मालकाला बराच अनुकूल आहे. मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर प्रकरण सक्षम प्राधिकाऱ्याकडे नेता येतं, आणि अडवलेल्या काळाची भरपाई ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने मागता येते.

यासाठी करार मात्र हवा आणि तो नोंदवलेला हवा. इथे तिसरा गैरसमज आडवा येतो: "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?" केंद्राच्या नोंदणी कायद्यात एका वर्षापर्यंतच्या साध्या भाडेपट्ट्याला सूट आहे, त्यातून ही समजूत देशभर पसरली. महाराष्ट्रात ती चालत नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ म्हणतं, करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. चुकलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं! एवढा धोका पत्करून वाचतं काय, तर पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि शहरात हजार रुपये नोंदणी फी. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, सगळ्यांचे फोटो आणि ठसे घेतो आणि चहा संपायच्या आत निघतो.

बाकीचे गैरसमज किरकोळ. "भाडं रोखीत घ्या, टॅक्स वाचेल": भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, शिवाय भाड्याने दिलेल्या भागाच्या वाट्याचं व्याजही वजा होतं, त्यामुळे नव्या कर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत करपात्र बहुधा काही उरतच नाही. "फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी मागेल तेवढा बिनभोगवटा आकार द्यावा लागतो": २००१ च्या शासन आदेशानुसार तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. "पोलीस व्हेरिफिकेशन फक्त परप्रांतीयांचं": नाही, पोलिसांना माहिती प्रत्येक भाडेकरूची द्यायची असते, आणि ती ऑनलाइन देता येते.

शेवटी पुन्हा कराराकडे. त्याचा छापील मसुदा बहुतेक वेळा अख्ख्या फ्लॅटसाठी बनवलेला असतो. एकच खोली देणार असाल, तर त्यात कोणती खोली, कोणतं बाथरूम, स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत, पार्किंग आहे की नाही, पाहुणा रात्री राहू शकतो का आणि विजेचं बिल कसं वाटायचं, हे सगळं घालून घ्या. फ्रीजमधला कप्पा कुणाचा, हेसुद्धा. घरमालक आणि भाडेकरू यांच्यातली बरीच भांडणं तिथूनच सुरू होतात.