दोन सीटमधली जागा

विमानाच्या तिकिटावर सीटचा क्रमांक असतो, पण त्या सीटच्या आजूबाजूची जागा कोणाची हे त्यावर लिहिलेले नसते. दोन सीटमधला आर्मरेस्ट, पुढची सीट मागे कलली की गुडघ्यासमोरून जाणारी वीतभर मोकळी जागा, खिडकीचा पडदा, डोक्यावरचा सामानाचा कप्पा हे सगळे विमान कंपनी एकाच वेळी दोघा-तिघांना वापरायला देते आणि वाटणी त्यांच्यावरच सोपवते. शेजारी बसलेल्यांचे बहुतेक खटके याच कोणाच्याही नावावर नसलेल्या जागेवरून उडतात. ‘हल्ली कोणीही विमानात बसतो’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर ऐकायला सोपे आहे आणि बरेचसे चुकीचे आहे.

हा प्रश्न अलीकडे सोलापूरकरांच्या घराजवळ आला. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. ९ जून २०२५ ला ‘फ्लाय ९१’ची गोव्याची आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला ‘स्टार एअर’ची मुंबईची सेवा सुरू झाली. तोवर मुंबई गाठायची तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा बर्थ, एसटी, किंवा रात्री ‘सात रस्ता’ चौकात येऊन थांबणारी ट्रॅव्हल्सची स्लीपर, एवढेच पर्याय सामान्य माणसाच्या हिशेबात होते. या तिन्ही वाहनांत शेजाऱ्याशी कसे वागायचे याचे संकेत कधीच ठरून गेले आहेत. विमानात पहिल्यांदा बसणारा माणूस ते संकेत बरोबर घेऊन जातो आणि त्यातले काही तिथे लागूच पडत नाहीत.

एसटीत खिडकीतून टाकलेला रुमाल म्हणजे ताबा. नंतर आलेला हुज्जत घालतो, पण रुमालाचा हक्क शेवटी मानतो. तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकायला जागा मागितली तर कुरकुरत का होईना, मिळते. सोलापुरात त्यासाठी ‘मालक, जरा सरकून घ्या की’ एवढे म्हटले की पुरते. समोरचा खरोखर मालक असण्याची गरज नाही. यापलीकडे वाद गेलाच तर कंडक्टर असतो आणि त्याचा शब्द अखेरचा. ही सगळी व्यवस्था बाक सलग असण्यावर उभी आहे. बाकावर माणसे सरकतात, जागा निर्माण होते. विमानात प्रत्येक सीट रुळावर पक्की बसवलेली, दोन्हीकडे आर्मरेस्ट, वर पट्टा. सरकायला काहीच नसल्यामुळे ‘सरका की’ हा शब्द तिथे निकामी होतो आणि त्याच्या जागी घालायला दुसरा शब्द अजून सापडलेला नाही. म्हणून एसटीत तोंडाने भांडणारी माणसे विमानात कोपराने भांडतात.

रेल्वेने हा प्रश्न घड्याळाने सोडवला. मधला बर्थ उघडा टाकला की खालच्याला ताठ बसता येत नाही. मिटवून ठेवला तर मधल्याला झोपता येत नाही. झोपण्याची वेळ पूर्वी रात्री ९ ते सकाळी ६ होती. भांडणे वाढल्यावर २०१७ मध्ये रेल्वे बोर्डाने ती रात्री १० ते सकाळी ६ केली, आणि आजारी, अपंग व गरोदर प्रवाशांना सहप्रवाशांनी सवलत द्यावी असेही सुचवले. दोघांच्या वापराची वस्तू वेळेने वाटून देणारा असा लेखी नियम विमानात फक्त एके ठिकाणी आढळतो. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी सगळ्यांच्या सीट सरळ हव्यात. मधल्या वेळेबद्दल नियम गप्प आहे, आणि कटकट मधल्या वेळेतच होते.

आर्मरेस्टपुरता एक जागतिक संकेत रूढ आहे. तीन-तीन सीटच्या विमानात खिडकीवाल्याला भिंत व दृश्य मिळते, मार्गिकेवाल्याला पाय पसरायला आणि उठायला मोकळीक मिळते, मधल्याला यातले काहीच नाही. म्हणून दोन्ही आर्मरेस्ट मधल्याचे. वाटणी न्याय्य आहे, पण सोलापूरच्या विमानतळावर तिचा उपयोग नाही. गोव्याला जाणारे एटीआर ७२ आणि मुंबईला जाणारे एम्ब्राएर १७५ या दोन्ही विमानांत मार्गिकेच्या एका बाजूला दोनच सीट असतात. मधला माणूसच नाही, तेव्हा दोघांत एक आर्मरेस्ट उरतो आणि दोघांचाही दावा सारखाच. व्यवहारात टिकणारी तडजोड एकच दिसते: एकाने कोपर मागच्या अर्ध्यावर टेकवायचे, दुसऱ्याने मनगट पुढच्या अर्ध्यावर. पट्टी दोघांना पुरते. अडचण एवढीच की ही तडजोड तोंडाने कोणी ठरवत नाही. आधी बसलेला पूर्ण पट्टी घेतो आणि नंतर आलेला तासभर अंग चोरून बसतो.

सीट मागे कलवण्याचा वाद याहून जुना आणि कडवा आहे. देशांतर्गत स्वस्त विमानांत एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंतचे अंतर साधारण २८ ते ३० इंच असते. सीटची जाडी त्यातच धरलेली असल्यामुळे गुडघ्यांच्या वाट्याला येणारी जागा त्याहून बरीच कमी. बटण पुढच्याच्या हाताशी आहे, म्हणून कलवण्याचा हक्क आपला, असे त्याला वाटते. जागा मागच्याच्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून ती आपली, असे मागच्याला वाटते. अमेरिकेत २००३ पासून ‘नी डिफेंडर’ नावाचे प्लॅस्टिकचे खुंटीवजा साधन विकले जात होते. ते समोरच्या ट्रेच्या दांड्यांना अडकवले की पुढची सीट कलत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या युनायटेडच्या विमानात एका प्रवाशाने ते लावले. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून त्याच्या अंगावर पाणी फेकले आणि विमान वाटेत शिकागोला उतरवावे लागले.

त्याच वर्षी ख्रिस्तोफर बुकाफुस्को आणि ख्रिस्तोफर स्प्रिगमन या दोन अमेरिकी कायदेतज्ज्ञांनी लोकांना पैशाच्या भाषेत प्रश्न विचारले. कलवण्याचा हक्क पुढच्याचा आहे असे गृहीत धरल्यावर, तो सोडायला पुढचे लोक सरासरी ४१ डॉलर मागत होते. मागचे जेमतेम १८ द्यायला तयार होते. मग गृहीतक उलटवले. जागा मागच्याची धरल्यावर मागचे लोक ती सोडायला ३९ डॉलर मागू लागले आणि पुढचे फक्त १२ देऊ लागले. म्हणजे हक्क ज्याच्या पदरात आधी टाकावा, तो त्याची किंमत चढी लावतो. गुडघ्याला जागा किती लागते हा प्रश्न त्यात मागेच पडतो. बांधावरच्या वादात पिढ्या घालवलेल्या कोणालाही हा निष्कर्ष सांगायला संशोधक लागले नसते. २०२० मध्ये अशाच एका भांडणाची चित्रफीत गाजली, तेव्हा डेल्टा कंपनीचे प्रमुख एड बास्टियन यांनी सल्ला दिला की कलवण्याआधी मागच्याला विचारावे. सल्ला चांगला होता. पण जागा कमी करणाऱ्या धंद्याच्या प्रमुखाने तो द्यावा हे बऱ्याच जणांना रुचले नाही, आणि त्यांचे चूक नव्हते.

जागेचा संताप वर्गाच्या पायरीशीही जोडलेला असतो. कॅथरीन डिसेल्स आणि मायकेल नॉर्टन यांनी २०१६ मध्ये एका मोठ्या विमान कंपनीच्या नोंदी तपासल्या. ज्या विमानात पहिला वर्ग होता त्याच्या इकॉनॉमीत गोंधळाच्या घटनांची शक्यता सुमारे पावणेचार पट आढळली, आणि पहिल्या वर्गातून चालत मागे जावे लागले तर ती आणखी वाढत होती. या मोजणीवर आक्षेपही घेतले गेले आहेत. तरी रुंद गाद्यांवर पाय पसरलेल्यांना ओलांडून स्वतःच्या अरुंद रांगेत शिरणारा माणूस शेजाऱ्याच्या कोपराबद्दल जरा जास्त हळवा होत असेल, हे पटण्यासारखे आहे.

खिडकीचा पडदा खिडकीजवळ बसलेल्याच्या हाताशी असतो आणि बहुतेक लोक तो हक्क मान्य करतात. उड्डाण व उतरण्याच्या वेळी पडदा उघडा ठेवायला सांगतात, कारण बाहेर आग किंवा धूर असेल तर तो आतून दिसावा आणि डोळे बाहेरच्या उजेडाला सरावलेले असावेत. एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असल्यामुळे खालचे शिवार आणि पुढे सह्याद्रीचे कडे आडपडद्याशिवाय दिसतात. अशा वेळी शेजारी ओणवून फोटो काढतो, तेव्हा त्याने आधी विचारले की नाही यावर पुढचा तास कसा जाणार हे ठरते.

बोलणे, खाणे आणि पाय या बाबतीत मात्र मराठी प्रवाशाची स्वतःची रीत आहे. ‘कुठं निघालात?’ या प्रश्नाने एसटीत ओळख सुरू होते आणि गाव, पाहुणे, मुलांचे शिक्षण अशी ती उतरेपर्यंत चालते. विमानात कानात बोंडे घालून डोळे मिटलेला शेजारी हा त्या प्रश्नाला दिलेला नकार असतो. तो अपमान समजू नये. डबा उघडण्याचेही तसेच. गाडीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी उघडली की शेजाऱ्याला ‘घ्या’ म्हणणे आलेच, आणि तेवढ्याने लसणाच्या वासाची तक्रार मिटते. विमानात ‘घ्या’ म्हणायला लोक संकोचतात, वास मात्र तेवढाच पसरतो. पायांच्या बाबतीत जुनी सवय फारच कामाची आहे. चुकून पाय लागला की हात लावून छातीशी नेण्याची ती पटकन केलेली खूण कोणत्याही ‘सॉरी’पेक्षा लवकर राग उतरवते. मोजे काढून पाय पुढच्या आर्मरेस्टवर ठेवणाऱ्यावर मात्र कोणतीच खूण चालत नाही. त्याच्यासाठी कर्मचाऱ्यांना बोलावण्याचे बटण आहे.

सीट बदलून मागण्याची सवय रेल्वेतून आली. आईचे गुडघे दुखतात म्हणून खालचा बर्थ मागणे हा तिथे जवळजवळ हक्कच झाला आहे, आणि रेल्वेही ज्येष्ठांना व ४५ वर्षांवरील स्त्रियांना खालचा बर्थ देण्याचा प्रयत्न करते. विमानात समोरच्याने तीच सीट जादा पैसे मोजून घेतलेली असू शकते. मागणाऱ्याने आपली सीट त्याहून वाईट नसेल तरच मागावी, आणि नकाराचे कारण विचारू नये. लहान मुलांपुरता हा प्रश्न नियमाने सुटला आहे: १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी एकाशेजारी सीट द्यावी, असा आदेश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना दिला.

स्त्रियांच्या शेजारी कोण बसणार, या प्रश्नात विमाने बसच्या बरीच मागून आली. एसटीत स्त्रियांच्या राखीव सीट आहेत. ट्रॅव्हल्सच्या बुकिंगमध्ये स्त्रीने घेतलेल्या सीटशेजारची जागा अनोळखी पुरुषाला न देण्याची पद्धत रुळलेली आहे. एअर इंडियाने देशांतर्गत विमानांत स्त्रियांसाठी सहा सीट राखल्या त्या जानेवारी २०१७ मध्ये, आणि शेजारची सीट स्त्रीने घेतली आहे का हे स्त्री प्रवाशांना आधी पाहता येण्याची सोय इंडिगोने जाहीर केली ती मे २०२४ मध्ये. येथे प्रश्न शिष्टाचाराचा राहत नाही. नको असलेला स्पर्श हा गुन्हा आहे, आणि तो ‘गर्दीत होतं असं’ म्हणून सोडून देण्याची एसटीतली सवय विमानात नेऊ नये. खरे तर एसटीतही ठेवू नये.

कायद्याचे पान उलटले ते सोलापूरच्या शेजारच्या जिल्ह्यामुळे. मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादचे तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड बिझनेस क्लासचे तिकीट घेऊन पुण्याहून दिल्लीला गेले. विमानात बिझनेस क्लास नव्हताच. दिल्लीत उतरण्यास त्यांनी नकार दिला आणि एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला आपण चपलेने मारल्याचे स्वतःच वृत्तवाहिन्यांना सांगितले. कंपन्यांनी त्यांना विमानात घेणे बंद केले. एप्रिलमध्ये त्यांनी मंत्र्यांना खेद व्यक्त करणारे पत्र दिल्यावर बंदी उठली. त्यानंतर सप्टेंबर २०१७ मध्ये डीजीसीएचे नियम आले. शिवीगाळ, हातवारे किंवा दारूच्या नशेतला गोंधळ यांसाठी ३ महिन्यांपर्यंत विमानबंदी. ढकलणे, मारणे, लैंगिक छळ यांसाठी ६ महिन्यांपर्यंत. जिवावर बेतणाऱ्या कृत्यासाठी किमान २ वर्षे. निर्णय निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती ३० दिवसांत देते.

दोन प्रवाशांमधल्या प्रकरणांतही हेच नियम लागू झाले. जानेवारी २०२० मध्ये मुंबई-लखनौ विमानात विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी सहप्रवासी पत्रकार अर्णब गोस्वामी यांच्यापाशी जाऊन, ते उत्तर देत नसताना, प्रश्नांची सरबत्ती केली व चित्रीकरण केले. इंडिगोने घातलेली ६ महिन्यांची बंदी समितीने नंतर ३ महिन्यांवर आणली. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क-दिल्ली विमानात मद्यधुंद प्रवाशाने एका वृद्ध स्त्रीवर लघवी केली, तेव्हा प्रकरण दडपले गेल्याचे उघड होऊन डीजीसीएने एअर इंडियाला ३० लाख रुपये दंड केला. देशांतर्गत विमानांत मद्य दिले जात नाही, त्यामुळे तिथले वाद निदान शुद्धीत होतात.

या नियमांत आर्मरेस्ट, कलणारी सीट किंवा पडदा यांचा उल्लेख नाही. तिथे वाद वाढला तर कर्मचाऱ्यांना सांगावे. त्यांची सूचना न मानणे हाच मग गैरवर्तनाचा भाग ठरतो. सीट मोकळ्या असल्या तर ते जागा बदलून देतात, आणि एवढ्यावर बहुतेक प्रकरणे संपतात.

शेवटचा खटका चाके जमिनीला टेकल्यावर उडतो. पट्ट्याची खूण विझण्याआधी उठून कप्पा उघडणाऱ्यांना तुर्कस्तानात २०२५ पासून दंडाची तरतूद आहे. भारतात फक्त उद्घोषणा होते आणि तिच्या आवाजातच बॅगा उतरतात. लवकर उतरण्यासाठी लोक पुढची रांग जादा पैसे देऊन घेतात. एटीआरमध्ये प्रवाशांचा दरवाजा शेपटीकडे असतो, सामानाचा पुढे. गोव्याच्या विमानात हे ठाऊक नसलेला पहिल्या रांगेतला माणूस बॅग हातात धरून उभा राहतो, आणि शेवटच्या रांगेतले त्याच्या आधी खाली उतरलेले असतात.