पेट्रोल विकणारा गव्हर्नर

अमेरिकेतील साउथ डकोटा राज्याचे गव्हर्नर विल्यम हेन्री मॅकमास्टर (१८७७–१९६८) हे मूळचे खेड्यातले बँकर. पक्षाने रिपब्लिकन, पेशाने पैशाचा हिशेब जपणारे. याच माणसाने १९२३ मध्ये सरकारी डेपोतून पेट्रोल विकायला काढले आणि स्टँडर्ड ऑइलसारख्या बलाढ्य कंपनीला आपला भाव खाली आणायला लावला.

मॅकमास्टर यांचा जन्म आयोवा राज्यातील टिकॉनिक या वस्तीत झाला. विस्कॉन्सिनमधील बेलॉइट कॉलेजातून १८९९ मध्ये पदवी घेऊन ते १९०१ मध्ये साउथ डकोटात आले आणि यँक्टन काउंटीतील गेव्हिल येथे बँकेच्या व्यवसायात पडले. त्या काळची गावची बँक म्हणजे शेतकऱ्याचे बियाणे, गुरे आणि जमिनीचे तारण यांवर उभा असलेला कारभार. पीक बुडाले की कर्ज थकायचे आणि धान्याचा भाव पडला की ठेवीही आटायच्या. कोणाच्या हाती सुगीनंतर काय उरते, हे अशा बँकेच्या वह्यांत स्पष्ट दिसे.

१९११ मध्ये ते पिअर या राजधानीत राज्याच्या प्रतिनिधिगृहात गेले, १९१३ पासून राज्य सिनेटमध्ये बसले. ते सिनेटमध्ये असतानाच, १९१५ मध्ये, राज्याने ठेव-हमी कायदा केला. एखादी बँक बुडाली तर सर्व बँकांच्या वर्गणीतून उभारलेल्या निधीतून ठेवीदारांचे पैसे द्यायचे, अशी ती योजना होती. १९१७ मध्ये ते नायब गव्हर्नर झाले. या पदावरील व्यक्तीच सिनेटचे कामकाज चालवते. गव्हर्नर पीटर नॉर्बेक यांची शेतकऱ्यांसाठी सरकारी कर्जे आणि गारपीट विमा ही धोरणे त्याच काळात मार्गी लागली. शेजारच्या नॉर्थ डकोटात ‘नॉनपार्टिझन लीग’ ही शेतकऱ्यांची जहाल चळवळ सत्तेवर आली होती आणि १९१९ मध्ये तिने राज्याची स्वतःची बँकही काढली. नॉर्बेक आणि मॅकमास्टर यांनी तिच्या काही मागण्या सौम्य करून आपल्याच पक्षाच्या कार्यक्रमात घेतल्या आणि लीगच्या शिडातली हवा काढली.

जानेवारी १९२१ मध्ये मॅकमास्टर गव्हर्नर झाले ते अगदी अवघड वेळी. पहिल्या महायुद्धाने चढवलेले शेतमालाचे भाव नुकतेच कोसळले होते. १९२० मध्ये दोन डॉलरच्या वर गेलेला गव्हाचा भाव पुढच्या वर्षअखेरीस डॉलरच्या आसपास आला. शेतकऱ्याचे उत्पन्न निम्म्यावर आले, पण त्याच्या मोटारीत आणि ट्रॅक्टरमध्ये जाणाऱ्या पेट्रोलचा भाव मात्र तसा उतरला नव्हता.

ऑगस्ट १९२३ मध्ये मिचेल शहरात पेट्रोल गॅलनला २६.६ सेंट होते. तिथे रस्ते विभागाचा साठा डेपो होता. गव्हर्नरांनी आदेश दिला आणि तो डेपो लोकांना १६ सेंटने पेट्रोल विकू लागला. म्हणजे गॅलनमागे १०.६ सेंटची बचत. कंपन्यांना भाव पाडण्यावाचून गत्यंतर उरले नाही, आणि ही उतरंड साउथ डकोटाच्या सीमेवर थांबली नाही. शेजारच्या राज्यांतही पेट्रोल स्वस्त झाले. मॅकमास्टर यांचे नाव देशभर झाले. साठा सरकारी कामासाठी आधीच बाळगलेला होता, त्यामुळे वेगळे दुकान थाटावे लागले नाही. केवळ किरकोळ विक्री सुरू करताच बाजारभाव आणि खरेदीभाव यांतली तफावत चव्हाट्यावर आली.

१९२४ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत अमेरिकी सिनेटचे विद्यमान सदस्य थॉमस स्टर्लिंग यांना हरवून मॅकमास्टर वॉशिंग्टनला गेले. तिथे शेतकऱ्यांना महाग पडणारे आयात कर कमी करावेत, असा त्यांचा ठराव १९२८ मध्ये सिनेटने मंजूर केला. १९३० मध्ये मात्र डेमोक्रॅट विल्यम बुलो यांनी त्यांचा पराभव केला. त्यानंतर ते इलिनॉयमधील डिक्सन येथे पुन्हा बँकेत रुजू झाले.

त्यांच्या काळातील सरकारी उद्योगांचा ताळेबंद संमिश्र आहे. पेट्रोलची विक्री १९२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. दशकभरात बँका धडाधड बुडाल्या आणि ठेव-हमी निधी त्या ओझ्याखाली कोलमडला. त्यांच्याच कारकिर्दीत रॅपिड सिटीला उभारलेला सरकारी सिमेंट कारखाना मात्र टिकला. तो २००१ पर्यंत राज्याच्या मालकीचा होता आणि एका मेक्सिकन कंपनीला तो २५.२ कोटी डॉलरना विकला गेला. बाजाराला वठणीवर आणणारा पेट्रोलचा डेपो गाजला, पण राज्याच्या तिजोरीत भर पडली ती सिमेंटमधून.